लांब अक्षासाठी स्क्रू निवडताना

घरी बनवलेल्या सीएनसी यंत्राचा (संगणकाच्या आज्ञेने कापणारे यंत्र) अक्ष, म्हणजे हत्यार सरकण्याचा मार्ग, दीड-दोन मीटरपर्यंत पोहोचतो, तेव्हा फिरून नट पुढे-मागे सरकवणाऱ्या स्क्रूच्या अचूकतेआधी त्याच्या लांबीचा विचार करावा लागतो. लांब स्क्रू ठरावीक वेगापुढे फिरवला की उड्या मारायच्या दोरीसारखा मध्यभागी फुगून गरगरू लागतो, आणि मग नट व बेअरिंग कितीही भारी असले तरी तो आवरत नाही. ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट झाली की सुरक्षित फेरे एक चतुर्थांशावर येतात.

हिशेब सोपा आहे. आट्यांच्या तळाशी असलेल्या व्यासाला आधारांमधील लांबीच्या वर्गाने भागावे (दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये) आणि उत्तराला 15.1 कोटींनी गुणावे, म्हणजे मिनिटाला किती फेरे चालतील ते मिळते. हा गुणक एक टोक पक्के धरलेले आणि दुसरे केवळ टेकवलेले असताना लागू पडतो, आणि सुमारे 20 टक्के राखीव त्यात धरलेलीच असते. 20 मिलिमीटरच्या बॉलस्क्रूचा (आटे आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरणारा स्क्रू) तळव्यास साधारण 17 मिलिमीटर धरला, तर 2 मीटर लांबीला सुमारे 640 फेरे मिळतात. लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, 5 मिलिमीटर असेल तर वेग मिनिटाला जेमतेम 3.2 मीटर, आणि लीड 10 असेल तर 6.4 मीटर. लाकडावर काम करणाऱ्याला यातला पहिला आकडा लवकरच खुपू लागतो.

म्हणूनच माझे मत असे, की लांब अक्षावर 5 ची लीड सवयीने घेऊ नये. जाड स्क्रू हा दुसरा उपाय सुचतो खरा, पण व्यास 20 वरून 25 वर नेला की तळव्यास साधारण 22 होऊन फेरे 830 पर्यंतच वाढतात, आणि स्क्रूचे जडत्व मात्र जवळपास अडीच पट होते, ज्याचा भार प्रत्येक वेळी वेग बदलताना स्टेपर मोटरवर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी मोटर) पडतो. दोन्ही टोके पक्की धरूनही फेरे वाढतात. मात्र 2 मीटर पोलाद 10 अंशांनी तापले की 0.2 मिलिमीटरहून अधिक लांबते, त्यामुळे एक टोक सरकते ठेवणेच मला बरे वाटते. लांबी याहूनही वाढली, तर स्क्रू स्थिर ठेवून नट फिरवावा किंवा सरळ रॅक-पिनियनकडे (दातेरी पट्टी आणि तिच्यावर चालणारे दातेरी चाक) वळावे.

ट्रॅपेझॉइडल स्क्रू (समलंब आकाराच्या आट्यांचा, गोळ्या नसलेला साधा स्क्रू) स्वस्त असला तरी घर्षणात बरीच शक्ती गमावतो. बॉलस्क्रूची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास असते. हाच गुण उभ्या अक्षावर उलटतो: वीज जाताच जड स्पिंडल (हत्यार फिरवणारा भाग) स्वतःच्या वजनाने बॉलस्क्रू उलटा फिरवत खाली येऊ शकतो. तेथे ब्रेक असलेली मोटर किंवा प्रतिभार लावावा, नाहीतर त्या आखूड अक्षापुरता, घर्षणामुळे वजनाने सहसा उलटा न फिरणारा, एकेरी आट्यांचा (एकच सलग आटा असलेला) ट्रॅपेझॉइडल स्क्रूच वापरावा.