बॅकस्टेजला येताय? क्यू नुसत्या शब्दावर घेऊ नका

कॉलेजात पुरुषोत्तम नाहीतर फिरोदिया करंडकाची स्पर्धा केली असेल तर लेव्हल, विंग, ब्लॅकआऊट हे काही तुम्हाला समजावत बसत नाही, थेट व्यावसायिक नाटकाचं बोलतो. एकांकिकेत अख्खी बॅच विंगेत उभी असते, इथे मोजकी माणसं आणि वेळेची मारामारी. शिवाजी मंदिर, गडकरी, बालगंधर्व कुठेही जा, एका दिवसात दोन-तीन वेगवेगळी नाटकं लागलेली असतात, आधीचं लांबलं की तुमचा टेम्पो बाहेर उभा, त्यांचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, निघेपर्यंत तुमची एक खुर्चीसुद्धा आत जात नाही, आणि तिसरी घंटा मात्र वेळेवरच द्यायची असते.

हे सगळं होतं सवयीचं. माणूस अडकतो तो क्यूमध्ये, म्हणजे आवाज किंवा लाइट नेमका कधी द्यायचा त्या खुणेत, मीही तिथेच अडकलो, म्हणून ते जरा लांबण लावून सांगतो.

मी साउंडला बसायचो. दिवाणखान्याचा सेट म्हणजे दाराची बेल आलीच. स्क्रिप्टमध्ये ज्या शब्दावर बेल, त्याला लाल पेनने गोल केलेला, तालमीत एकदाही चुकली नाही. मग एका दौऱ्यात सीनियर नटाने मधलं अर्धं पान उडवलं. तो शब्द त्या अर्ध्या पानातच होता. मी आपला शब्दाची वाट बघतोय, विंगेत बाई सूटकेस घेऊन उभ्या, आणि स्टेजवर तो बिचारा पेपरची घडी घालतोय, पाणी पितोय, ॲडिशनवर ॲडिशन, म्हणजे पदरची वाक्यं, घेतोय. शेवटी 'कोणीतरी आलंय वाटतं' म्हणत त्यानेच दार उघडलं, आणि बाई आत आल्यावर मी बेल वाजवली. लोक हसले. मॅनेजर नाही हसला.

तर, शब्द लिहाच, पण पेन्सिलने, कारण नाटक ओपन झाल्यावरही क्यू बदलत राहतात. त्याच्या अर्धं पान आधी 'तयार' लिहा, म्हणजे त्या वेळी हातात मोबाईल नसेल. आणि शब्दाच्या शेजारी नटाची हालचाल लिहा: चष्मा काढला, खुर्चीवरून उठला, दाराकडे पाठ केली. नट वाक्य विसरतो पण उठायचं सहसा विसरत नाही, अंगात बसलेलं असतं ते. तो उठला आणि शब्द आलाच नाही तर शब्द गेला खड्ड्यात, बेल द्या. त्यातही गोम आहे. हाऊसफुल्ल प्रयोगाला त्याच वाक्यावर लाफ्टर येतो, त्यात बेल दिली की कोणालाच ऐकू जात नाही आणि नट उगाच दाराकडे धावल्यासारखा दिसतो. लाफ्टर उतरायला लागला की द्या, पूर्ण शांत व्हायची वाट बघू नका, तोवर सीन पडतो. आठवड्यातल्या रात्री तुरळक प्रेक्षक असताना लाफ्टर येणारच नाही, तिथे लगेच द्या. रिप्लेसमेंट आली तर नव्या नटाच्या तालमीला जाऊन बसा, कोणी बोलावलं नाही तरी, तो भलत्याच वाक्याला उठत असतो.

घाबरू नका, हे येतं. प्रयोग होत गेले की नटाचा श्वास ऐकून हात पुढे जातो, खरंच.

वीकेंडच्या 'बॅकस्टेज वर्कशॉप'ला पैसे घालू नका असं माझं मत, ज्याला पटत नसेल त्याने घालावेत. शिकायचंच असेल तर नीट शिका, दिल्लीच्या एनएसडीचा (नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) तीन वर्षांचा कोर्स आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. नाहीतर सरळ राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी एखादी हौशी संस्था गाठा आणि पडेल ते काम करा. आणि गुरू म्हणून दिग्दर्शकाच्या मागे फिरू नका, ओपनिंगनंतर तो क्वचितच दिसतो. नाट्यगृहात वर्षानुवर्षं सेट लावणारा जो काका असतो ना, त्याच्याबरोबर फ्लॅट उचला. तो समजावून काही सांगणार नाही, शिव्या घालेल, पण कुठल्या स्टेजची डावी विंग अरुंद आहे आणि तुमचा सोफा तिथून आत जाणार नाही हे त्यालाच माहीत असतं.

बॅकस्टेज करता करता रोल मिळेल म्हणून येत असाल तर नका येऊ. मिळालेत काहींना, पण तुमचा डोळा सतत स्टेजवर असला की प्रॉपर्टीच्या, म्हणजे नटांना लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर चष्मा ठेवायचा राहतो.

पैशाचं आधीच बोला, लाजू नका. पैसे नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे, मिळतात, प्रयोग नाही तर पैसे नाहीत, परीक्षांच्या नाहीतर निवडणुकीच्या दिवसांत बुकिंग बसलं की तुम्हीही घरी. तालमीच्या दिवसांचं काय, दौऱ्यात भत्ता वेगळा की नाईटमध्येच धरलाय, प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला तर अर्धी नाईट तरी देणार का, हे पहिल्या तालमीआधी मॅनेजरला विचारा आणि व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घ्या. 'आपण घरचीच माणसं' असं म्हणाला तर पुन्हा विचारा.