पिकअपला ऑल-टेरेन टायर घेताय? काळ्या रानातल्या गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

मे महिन्यात हळद घेऊन वसमतच्या बाजाराला निघालो होतो. हौदा भरलेला, मागे दोन महिन्यांपूर्वी टाकलेले ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे जाड नक्षीचे टायर. परभणी सोडून थोडं पुढं गेलो आणि मागचा उजवा टायर फुटला. गाडी रस्त्यावरच थांबली, उलटली नाही, हे नशीब. पंक्चरवाल्यानं फाटलेल्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, टायरात खोट नाही. ह्याला वजन जास्त झालंय." त्यानं टायरच्या कडेवरचा एक आकडा दाखवला. विकत घेताना तो मी वाचलाच नव्हता. नक्षी बघून टायर घेतला होता. आजही दुकानात माणसं तशीच टायर घेताना दिसतात, म्हणून हे लिहितोय.

नक्षी आधी, वजन नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टायरच्या कडेवर मापाच्या पुढं दोन-तीन आकडी संख्या आणि एक अक्षर असतं. ती संख्या म्हणजे भार निर्देशांक. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900, 108 म्हणजे 1000, 110 म्हणजे 1060, 112 म्हणजे 1120. पिकअपच्या टायरवर बहुतेक वेळा दोन संख्या तिरक्या रेघेनं जोडलेल्या असतात. पहिली एकेरी चाकासाठी, दुसरी जोडचाकासाठी. आपल्या पिकअपला मागं एकेरी चाक असेल तर पहिली बघायची.

माझ्या जुन्या टायरवर 110 होतं, नव्यावर 104. एका टायरमागं 160 किलो कमी, म्हणजे मागच्या ॲक्सलवर 320 किलोंची तूट. पन्नास किलोचे सहा कट्टे भरून वर वीस किलो. दुकानदारानं "मोठ्या गाडीचा टायर आहे, दमदार आहे" असं सांगितलं होतं, आणि टायर होताही मोठ्या गाडीचाच, पण माणसं बसवायच्या एसयूव्हीचा. दिसायला तोच रांगडा, कडेला तेच ठोकळे. पिकअपचा टायर घेताना मापाशी 'एलटी' किंवा 'सी' ही मालवाहू टायरची खूण शोधा, आणि कंपनीनं गाडीला दिलेल्या टायरवर जो भार निर्देशांक आहे त्याच्या खाली अजिबात उतरू नका. 8 पीआर, 10 पीआर (प्लाय रेटिंग, थरांचा दर्जा) असं लिहिलेलं असतं तेही बघा, पण त्याचा अर्थ आत तेवढे थर आहेत असा धरू नका. आता तो नुसता ताकदीचा दर्जा आहे.

निर्देशांकापुढचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी 120, एन म्हणजे 140, क्यू म्हणजे 160 किलोमीटर. भरलेल्या पिकअपला यातलं कुठलंही पुरतं, तिथं जास्त पैसे घालवू नका.

"ऑल-टेरेन आहे, मग चिखलातून निघेलच"

आपल्याकडची निराशा बहुतेक इथूनच सुरू होते. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि हाताला लागली तर सुटत नाही. उन्हाळ्यात त्याच रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. टायरच्या खाचा रिकाम्या राहिल्या तर ठोकळे जमिनीत रुततात आणि गाडी पुढं सरकते. काळ्या मातीत दोन-चार फेऱ्यांतच खाचा गच्च भरतात. मग महागड्या टायरचंही गुळगुळीत लाटणं होतं. जास्त एक्सलेटर दिला तर चाक जागेवर फिरतं, खड्डा करतं आणि ॲक्सल मातीला टेकतो.

कडेवर 'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं दाखवून चिखलाची हमी देणारे भेटतील. ती खूण नक्षीच्या आकारावरून दिली जाते, चिखलात चालवून बघितल्यावर नाही. डोंगर आणि बर्फाच्या कणाचं चित्र असेल तर ते बर्फाच्या प्रदेशासाठी. परभणी-लातूरला त्याचे पैसे कशाला द्यायचे?

मग मड-टेरेन घ्यावा का? त्याच्या खाचा रुंद असतात आणि माती फेकतात हे खरं. पण माझी पिकअप शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर नाहीतर सिमेंटवर पळते. तिथं तो टायर घोंघावतो, तापतो, लवकर झिजतो, ओल्या डांबरावर ब्रेकही लांबवर लागतो. शेतातून कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर आणि भाडं मारणारी पिकअप यांच्या गरजा एक नाहीत. पाणंद रस्त्यानं सोयाबीन काढायचं असेल तर टायरपेक्षा वाफसा महत्त्वाचा. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस ऊन पडू द्या, रस्त्याची वरची साय सुकू द्या. ज्या पाणंदीवर मुरूम पडलाय तिथं साधा टायरही निघतो. मुरूम नाही तिथं कुठलाही टायर वाफशावाचून अडतो.

ऑल-टेरेनचे पैसे खरे वसूल होतात ते बालाघाटाच्या बाजूला. पाटोदा, आष्टी, अंबाजोगाईकडचे खडकाळ, मुरमाड रस्ते, खदानीकडं जाणाऱ्या वाटा, खडी अंथरून वर्षानुवर्षं तशीच राहिलेली कामं. अशा ठिकाणी जाड नक्षी आणि चिरांना दाद न देणारं रबर उपयोगी पडतं. मात्र खाचांत अडकलेली खडी आठवड्यातून एकदा पेचकसानं काढा. आतच राहिली तर ती चालता चालता खाली भोक पाडत जाते.

काटा आणि खुंट विसरणं

बाभळीचा काटा नक्षीतून आत जातो आणि पंक्चर होतं, त्याचं दुरुस्तीनं भागतं. पऱ्हाटी आणि तुराटी कापल्यावर रानात उरलेले खुंट मात्र टायरची कड फाडतात, आणि कडेचं पंक्चर कधीही काढून वापरू नये. कापूस वेचून गाडी सरळ फडात घालणाऱ्यांनी टायर घेताना कडेचं रबर किती जाड आहे ते विचारावं, आणि वळण घेताना खुंटांच्या ओळीला आडवं जाऊ नये. कडेवर फुगा दिसला तर आतले धागे तुटलेत असं समजा. त्या टायरवर बाजारापर्यंतसुद्धा जाऊ नका.

रुंद टायर बसवून गाडी ताकदवान होत नाही

215/75 आर15 च्या जागी 235/75 आर15 बसवला तर व्यास 703 मिलिमीटरवरून 733 च्या आसपास जातो, म्हणजे साधारण चार टक्के वाढ. स्पीडोमीटरवर 60 दिसतं तेव्हा गाडी बासष्टच्या पुढं असते. गिअर लांबल्यासारखा होतो, भरल्या गाडीला घाट चढताना क्लच जास्त झिजतो, पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डला घासतो. पासिंगलाही अडचण येते. माप कंपनीचंच ठेवा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. साध्या मागच्या चाकावर चालणाऱ्या पिकअपला पुढं रिब (सरळ पट्ट्यांच्या नक्षीचे) आणि मागं ऑल-टेरेन चालतं, मी तसंच वापरतो. फक्त एका ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर नकोत.

हवेबद्दलचा गैरसमज

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटतो" हा सल्ला मला कितीतरी लोकांनी दिला आणि मी तो पाळलाही. त्या दिवशी भार जास्त होता आणि हवाही कमी होती, दोन्ही मिळून टायर फुटला. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आणि वाकण्यातूनच उष्णता तयार होते. वर मे महिन्याचं 42 अंश ऊन. दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर पुढच्या-मागच्या चाकाची, रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा लिहिलेली असते. सकाळी गाडी थंड असताना तेवढी भरा. थंड टायरात 55 पीएसआय असेल तर पळाल्यावर 60 च्या घरात दिसेल. ती हवा सोडू नका. समृद्धी महामार्गासारख्या लांब सलग रस्त्यावर चढण्यापूर्वी तर हे बघायलाच हवं. तिथं टायर तासन् तास थंड होत नाही.

नवीन टायरनंतर गाडी थरथरते?

लगेच टायरला दोष देऊन दुकानात जाऊ नका. पावसाळ्यात चाकाच्या डिस्कच्या (लोखंडी रिमच्या) आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळते, मग चाकाचं वजन एका बाजूला जातं आणि साठच्या पुढं स्टेअरिंग हलायला लागतं. आधी डिस्क आतून धुऊन घ्या, मग बॅलन्सिंग करा.

बाकीची कारणं झिजेवरून कळतात. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, नक्षीच्या दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलंय. नक्षी लाटांसारखी झाली तर शॉकॲब्सॉर्बर बघा. ऑल-टेरेनचे ठोकळे तिरके झिजून आवाज करतात, म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरवर चाकांच्या जागा आपसात बदला. नक्षी कायद्यानं 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण आपल्या पावसाळ्याला मी तीनच्या खाली जाऊ देत नाही.

पैसे देण्यापूर्वी टायरच्या कडेवर तो कधी तयार झाला हे सांगणारे चार आकडे बघा. 2324 असेल तर तो 2024 च्या 23 व्या आठवड्यात तयार झालाय. स्वस्तात देतोय म्हणून दुकानदार कोपऱ्यातून काढून आणेल त्याचे हे आकडे हमखास वाचा. चारही टायरवर वाचा, आणि स्टेपनी नवीन घेत असाल तर तिच्यावरही.