प्लंबर येईस्तोवर

गणपतीचा दुसरा दिवस, ऋषिपंचमी. घरात सतरा माणसं, गॅसवर ऋषीच्या भाजीचं मोठं पातेलं, आणि मागच्या न्हाणीतून भाच्याची हाक आली, "मामी, नळ हातात आला!" मला वाटलं मस्करी करतोय. जाऊन बघते तर खरंच नळ त्याच्या हातात आणि भिंतीतून अंगठ्याएवढी धार समोरच्या भिंतीवर. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करायला धावले. तो फिरला, फिरला, फिरतच राहिला. आतली पाचर दांड्यापासून सुटलेली. वरचं चाक नुसतं शोभेला. शेवटी दीर शिडी लावून टाकीवर चढले आणि ओला पंचा आतून पाइपाच्या तोंडाशी नेला. पाण्यानेच तो ओढून घेतला आणि धार थांबली. (पंच्याचं एक टोक दोरीला बांधून ठेवायचं, नाहीतर तो पाइपात जाऊन बसतो आणि दुसरंच लग्न लागतं.) प्लंबरला फोन केला तर म्हणाला, "वैनी, गौरी गेल्या की येतो." आला तो गौरी जाऊन चार दिवसांनी.

आमचं घर रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या अलीकडे, चढावर. खाली समुद्र दिसतो. पाहुण्यांना त्याचं कौतुक. मला दिसतं ते खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं लोखंड. आमचे हे मुंबईला नोकरीत, घरात मी आणि सासूबाई. त्या गणपतीनंतर ठरवलं की निदान प्लंबर येईपर्यंतचं तरी आपल्याला यायला हवं. पुढे त्यातलं बरंचसं मीच करायला लागले.

पहिलं काम नळाचं नाही, व्हॉल्व्हचं. एखाद्या दुपारी एकेक व्हॉल्व्ह बंद करून घरभर फिरा आणि कुठलं पाणी बंद झालं ते बघा. आमच्याकडे सहा व्हॉल्व्ह निघाले. त्यातला एक माडाच्या अळ्याला जाणारा, सासऱ्यांनी बसवलेला, कुणाला माहीतच नव्हता. प्रत्येकाशेजारी चिऱ्यावर ऑइलपेंटने लिहून टाकलं: न्हाणी, संडास, स्वयंपाकघर. चाकाचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडाच राहिला की धरून बसतो आणि नेमका हवा तेव्हा दगा देतो. म्हणून मी दर संकष्टीला सगळे एकदा बंद-चालू करते. उपास असतो, तेवढाच चाळा. टाकीखालचा मेलेला व्हॉल्व्ह काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला. पाव फेरीत बंद, आणि दांडी आडवी झाली की पाणी बंद हे लांबूनही दिसतं.

आता ठिबकणारा नळ. सासूबाई म्हणायच्या, "ठिबकतोय तर ठिबकू दे, खाली बादली ठेव." एकदा रात्री दहाला तपेली ठेवली आणि सकाळी सहाला मोजलं, चार लिटर. म्हणजे दिवसाला बारा. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना बारा लिटर म्हणजे एका माणसाची अर्धी आंघोळ.

नळ कुठल्या जातीचा ते आधी ओळखा. दोन-तीन वेढे फिरवावा लागतो तो वायसरचा. पाव फेरीत उघडतो त्यात चिनी मातीच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. वायसरचा असेल तर व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका. खालच्या जाळीवर फडकं घाला. मुठीचा स्क्रू एकदा न्हाणीच्या भोकात गेला की गेला. मूठ काढली की खाली षटकोनी डोकं दिसतं. एका पान्याने नळाचं अंग धरायचं आणि दुसऱ्याने ते डोकं डावीकडे फिरवायचं. अंग न धरता जोर लावलात तर नळासकट भिंतीतला पाइप फिरतो, आणि मग पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी गवंडी बोलवावा लागतो. डोकं बाहेर आलं की त्याच्या बुडाशी काळं रबर दिसेल, मधोमध गोल खाच पडलेली. ती खाच म्हणजेच तुमचं ठिबकणं. नवीन वायसर बसवा आणि डोकं परत आवळताना दांडा थोडा उघडा ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी रबर चिरडतं. बसवण्याआधी नळाच्या पोटात बोट घालून बघा: वायसर जिथे टेकतं ती कड खरखरीत लागली तर नवीन वायसरही पंधरा दिवसांत कापलं जाणार. मग सरळ नळच बदला.

कार्ट्रिजच्या नळात वाळूचा कण अडकून चकती चरते. ते दुरुस्त होत नाही, बदलायचं. जुनं काढून सोबत घेऊनच दुकानात जा. वरचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात. "अर्ध्या इंचाचं द्या" म्हणून मी तीनदा रत्नागिरीला हेलपाटे घातलेत.

नळ बदलताना टेफलॉन टेप. यात सगळ्यांची एकच चूक होते, उलटी गुंडाळतात. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे द्यायचे. म्हणजे नळ फिरवताना टेप घट्ट बसते, सुटत नाही. आणि आवळताना नळ जरा पुढे गेला म्हणून मागे फिरवून सरळ करू नका. मागे घेतला की गळणारच. टेप काढून पहिल्यापासून.

भाच्याच्या हातात आलेल्या नळाचं कारणही आट्यांतच होतं. लोखंडी पाइपावर जस्ताचा थर असतो, पण आटे पाडताना तो कापला जातो. त्यामुळे गंज पहिला तिथेच धरतो, आणि आमच्या वाऱ्यात त्याला घाई फार. बाहेरून पाइप धडका दिसतो, आटे मात्र पीठ झालेले. नळाच्या मुळाशी तांबडा ओघळ दिसला तर नळाला हात लावण्याआधी हे लक्षात घ्या. ते काम जाणत्यानेच करावं. आम्ही हळूहळू सगळे पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे, करून घेतले, बंबाच्या गरम पाण्यालाही ते चालतात. साधा पीव्हीसी गरम पाण्याला लावू नका. दोन्हीचा डिंकही वेगवेगळा असतो. कुठलाही प्लॅस्टिकचा पाइप उन्हात राहिला की काही वर्षांत कडकडीत होतो. छपरावरच्या पाइपाला मी रंग मारून घेतला.

तुंबलेली न्हाणी हा दुसरा कायमचा विषय. दुकानदारही त्या खालच्या वाटीला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतो, तेव्हा आपल्याच घरातला शब्द आहे. जाळी उचला, आतली वाटी काढा, आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून गाळ उपसा. केस, साबणाचा लगदा आणि आमच्याकडे हमखास माशांचे खवले. मासे न्हाणीत साफ करायचे नाहीत, मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी करायचे, हा नियम मी केलाय. पाळत कुणी नाही. वाटीच्या पुढे अडलं असेल तर रबरी पंप. बेसिनला तो लावताना वरचं जादा पाण्याचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. त्यानेही हललं नाही तर चिव्याच्या बांबूची लांब, लवचीक कामट. दुकानातली तारेची स्प्रिंग चांगली असते, पण पावसाळाभर मागच्या पडवीत पडून माझी गंजली. कामट मोडली तर दुसरी मिळते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फसफस बघायला मुलांना मजा येते. तुंबा त्याने सुटलेला मी तरी पाहिला नाही. ॲसिड तर नकोच, आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकावर एक कधीही नाही; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत जिवावर बेतू शकतं. उकळतं पाणीही ओतू नका, प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडतो. हाताला चटका बसेल इतपत कढत पुरे.

वाडीतली अर्धी घरं शिमगा आणि गणपती सोडून बंद असतात. चाकरमानी आले की पहिली तक्रार वासाची: "गटार तुंबलंय." तुंबलेलं काही नसतं. ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी कायम उभं असतं, तेच वास अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं आणि वास व झुरळं सरळ वर येतात. एक तांब्या पाणी ओता, काम झालं. घर बंद करून जाताना पाण्यावर दोन चमचे तेल सोडा, पाणी सावकाश उडतं.

संडासाची फ्लशची टाकी आतल्या आत गळते ती दिसत नाही, ऐकूही येत नाही. रात्री टाकीत कपड्यांची नीळ चार थेंब टाका, फ्लश करू नका. सकाळी भांड्यात निळं उतरलं असेल तर तळाचं रबर गेलं. त्याच वेळी टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता बॉल बघून घ्या. पाणी जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाखाली बोटभर थांबायला हवं.

वरची टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली की कधी कधी टाकी काठोकाठ आणि नळ मात्र कोरडा, नुसता फुसफुसतो. पाइपाच्या चढात हवा अडकलेली असते. बागेच्या नळीचं एक टोक पाणी येणाऱ्या नळाला आणि दुसरं रुसलेल्या नळाला घट्ट धरा, दोन्ही उघडा. पहिल्याचा जोर टाकीपेक्षा जास्त हवा; मी पंपाच्या थेट पाइपावरचा नळ वापरते, पंप चालू ठेवून. पाणी उलटं जाऊन हवेला टाकीकडे ढकलतं.

शोषखड्ड्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात आपण हात घालायचा नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत जमीनच भरलेली असते, मग खड्डा शोषणार कुठे? संडासाचं पाणी सावकाश उतरायला लागलं तर आधी बघा, पन्हळीचं किंवा खळ्याचं पाणी खड्ड्याकडे वळलंय का. ते चर मारून दुसरीकडे काढलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. सेप्टिक टाकी उपसायची तर गाडी बोलावून, आणि पावसाच्या भरात नाही; फायबरची रिकामी टाकी खालच्या पाण्याने वर उचलली जाते. झाकण उघडून आत कुणालाही उतरवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो. आणि नवीन खड्डा खणणार असाल तर विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर. जांभा सच्छिद्र असतो, आमच्याकडे त्याहून लांबच बरा.

आता पंप. आमची विहीर पस्तीस फूट, पंप एक एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात. त्याचं दुखणं तीन प्रकारचं. नुसता हूं करतो आणि फिरत नाही, तर ताबडतोब बटण बंद, नाहीतर आतली तार जळते. मेन स्विच खाली ओढा आणि मागच्या पंख्याकडून दांडा स्क्रूड्रायव्हरने फिरवून बघा. बरेच दिवस बंद राहिला की धरतो. मोकळा झाला तर चालू होईल. तरीही हूंच, तर बहुतेक मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला, आणि तो वायरमननेच काढावा, कारण लाइट बंद असली तरी त्यात शॉक शिल्लक असतो.

दुसरं, फिरतो पण पाणी नाही. वरच्या बुचातून तांब्याने पाणी भरा आणि पाच मिनिटं बघत उभं राहा. पातळी खाली गेली तर विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची पाणी परत खाली न सोडणारी झडप, गळतोय. त्यात पान नाहीतर शेवाळाचा गुंता असतो, पाइप वर काढून साफ करा. पातळी हलली नाही आणि तरीही पाणी येत नाही, तर विहिरीकडच्या पाइपाचा कुठला तरी सांधा हवा ओढतोय. ही जागा फसवी. पंप चालू असताना तिथून पाणी गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. पंप चालू ठेवून एकेका सांध्यावर साबणाचा दाट फेस थापा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे चोर.

तिसरं दुखणं एप्रिलचं: पाणी येतं ते करंगळीएवढं, मग तेही थांबतं. पंपाचा यात दोष नसतो. वर ठेवलेला पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर, आणि प्रत्यक्षात बावीस-पंचवीस फुटांच्या खालून ते त्याला जमत नाही, एचपी कितीही वाढवा. शेजारच्या भावोजींनी दोन एचपीचा आणला, तोही तसाच कोरडा घुरघुरत बसला. उपाय म्हणजे पाणबुडी पंप घेणं, नाहीतर पंपच खाली नेणं. आमच्या विहिरीत बारा फुटांवर चिऱ्याचा टप्पा आहे. एप्रिलात पंप दोरीने तिथे उतरवतो, वीज कुठे गळली की ३० मिलिॲम्पिअरला ट्रिप होणारं स्विच लावूनच. तो टप्पा ओला असतो आणि त्यावर उभा राहणारा माणूस आपलाच असतो.

फक्त तारीख विसरायची नाही. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, पण वळीव त्याला विचारून येत नाही. तीन वर्षांपूर्वी रात्रीत पाणी चढलं आणि सकाळी टप्पा दिसेना. पंप खाली, वर नुसती दोरी. मोटरच्या तारेचं वाइंडिंग नवं करून घ्यावं लागलं. तेव्हापासून मेच्या शेवटच्या रविवारी, लोणच्याच्या कैऱ्या चिरायच्या आधी, मी आणि भावोजी पंप ओढून वर काढतो. मग मृग येईपर्यंत आठ-दहा दिवस रहाटाने पाणी. सासूबाई पडवीतून सांगतात, "सावकाश ओढा, कळशी आपटेल."