‘होत नाही’ म्हणून येताय? आधी या चुका टाळा

बायकोला संभोगात सुखाचा परमोच्च क्षण, म्हणजे ऑर्गॅझम, येत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक जोडप्यांनी बायकोत बिघाड आहे हे घरीच ठरवलेलं असतं. बिघाड क्वचितच निघतो. चुका मात्र त्याच त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ऑर्गॅझमच्या प्रकारांची यादी. हिंजवडीत नोकरी करणारा एक जण बायकोला घेऊन आला आणि खुर्चीत टेकायच्या आत मोबाइल पुढे केला. योनीतला, शिश्निकेचा (क्लिटोरिस, योनीच्या वरच्या बाजूचा संवेदनशील अवयव), जी-स्पॉटचा (योनीच्या आतली एक कथित जागा), मिश्र. ‘मॅडम, हिला फक्त शिश्निकेचा होतो. बाकीचे कसे आणायचे?’ ती पर्सची चेन उघडत-लावत बसलेली. तुला काय त्रास होतो, असं तिला विचारलं. ‘मला काहीच नाही हो. छान वाटतं. यालाच पटत नाही.’

ही प्रतवारी १९०५ साली मनोविश्लेषक फ्रॉइडनं लावून दिली: शिश्निकेचं सुख बालिश, योनीतलं प्रौढ. पुरावा शून्य. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगशाळेतली निरीक्षणं मांडली. स्पर्श कुठेही होवो, त्या क्षणी योनीभोवतीचे स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतरानं आकुंचन पावतात. पुढे १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की बाहेर दिसतं ते शिश्निकेचं नुसतं टोक; उरलेली सगळी आत, योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. म्हणजे ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ असे दोन कप्पे करायलाच फारशी जागा नाही. बायकांना अनुभव वेगवेगळे येतात हे खरं. कुणाला स्तनांच्या स्पर्शानं होतं, कुणाला झोपेत. पण त्यात वरची आणि खालची इयत्ता नसते. एका अमेरिकन पाहणीत नुसत्या संभोगानं पुरतं असं सांगणाऱ्या बायका १८ टक्क्यांच्या आसपास होत्या. तुमची बायको बहुमतात आहे, एवढंच.

मी जुन्या लेटरपॅडच्या मागे शिश्निकेचं चित्र काढून नवऱ्याच्या हातात देते आणि पंधरा दिवस संभोग बंद करायला सांगते. फक्त स्पर्श, आणि कुठे-कसा ते ती सांगणार. घाईवाल्यांचा तिसऱ्या दिवशी फोन येतो, ‘पुढची स्टेप?’ पुढची स्टेप नाही! रात्री दहाला घरी येऊन लॅपटॉप मिटल्या मिटल्या दहा मिनिटांत उरकायचंय, त्यांना मी काय सांगू?

दुसरी चूक जास्त छळते: ‘तिचं झालं नाही तर दिवस राहत नाहीत.’ सदाशिव पेठेतल्या एका सुनेला हे घरच्याच कुणीतरी सांगितलेलं. बिचारी तारखा मोजून त्या रात्री झाल्याचं नाटक करायची, वर ते वठलं की नाही याची धास्ती. अहो, बाईचं बीज महिन्याच्या चक्रानं सुटतं, सुखाचा त्याच्याशी संबंध नाही. ससा आणि मांजर यांच्यात मादीचं बीज समागमानंतर सुटतं. आपल्या दूरच्या पूर्वजांतही तसंच असावं आणि हे सुख त्याचा अवशेष असावा, असा तर्क पाव्लिचेव्ह आणि वाग्नर या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. दुसरं मत असं की शिश्न आणि शिश्निका गर्भात एकाच उंचवट्यातून घडतात, म्हणून पुरुषाच्या सुखाबरोबर हेही आलं. वाद चालू आहे. मला विचाराल तर सुखाला कामाला जुंपायची गरजच काय? ज्यांच्या वडिलांचं नाव आपल्या पुण्यातल्या कर्वे रस्त्याला आहे, त्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. आपण अजून कुजबुजतोय.

बाकीच्या पटकन सांगते. नाटक करू नका. नवरा तेच चुकीचं आणखी मन लावून करतो. मधेच ‘झालं का?’ विचारू नका. पॉर्नमध्ये किती वेळ चालतं ते बघून आपल्या वेळेचा हिशेब लावू नका. कंडोमबरोबर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. पाण्याचं लुब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं. दुखत असेल तर सहन करू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग मी. पाळी गेल्यावर येणाऱ्या कोरडेपणावरही औषध असतं. आणि नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी हे लांबतं किंवा थांबतं. लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, ते डोस किंवा गोळी बदलून बघतात. परस्पर बंद करून माझ्याकडे येऊ नका.