सर्वेक्षणासाठी किती लोकांना विचारावे?

सातारा जिल्ह्यात पाणी, रस्ते किंवा मतदानाचा कल यांविषयी सर्वेक्षण करायचे असेल, तर माणसे मोजण्यापूर्वी निष्कर्षात किती टक्क्यांची चूक आपल्याला चालेल, हे ठरवावे. हिशेब सोपा आहे. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडलेल्या लोकांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने १०० ला भागले की त्रुटीची मर्यादा साधारण टक्क्यांत मिळते. १०० जणांना विचारले तर ती १० टक्के, ४०० जणांना विचारले तर ५ टक्के आणि २,५०० जणांना विचारले तर २ टक्के येते. अशी शंभर सर्वेक्षणे केली, तर त्यांपैकी सुमारे ९५ वेळा खरा आकडा या मर्यादेच्या आत असतो. मर्यादा निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, म्हणून खर्चाचा विचार येथेच करावा.

लोकसंख्या मोठी असली की नमुनाही (म्हणजे विचारण्यासाठी निवडलेली माणसेही) त्याच प्रमाणात मोठा हवा, हा समज मात्र सोडून द्यावा. ५ टक्के मर्यादेसाठी सातारा शहराला जेवढे ४०० लागतात, तेवढेच संपूर्ण महाराष्ट्रालाही पुरतात. अपवाद छोट्या गावांचा: ६०० कुटुंबांच्या गावात २४० कुटुंबे पुरेशी होतात.

खरी अडचण तालुक्यांची तुलना करताना येते. जिल्ह्यातील ४०० माणसे ११ तालुक्यांत वाटली, तर प्रत्येकी जेमतेम ३६ येतात आणि मर्यादा १७ टक्क्यांच्या आसपास जाते. अशा आकड्यांवरून माणचे लोक कऱ्हाडच्या लोकांपेक्षा अधिक नाराज आहेत, असे म्हणणे हा त्या लोकांवर अन्याय आहे. प्रत्येक तालुक्याचे मत स्वतंत्रपणे हवे असेल, तर तालुक्याला किमान १०० माणसे, म्हणजे एकूण १,१०० धरावीत, आणि जिल्ह्याची बेरीज करताना महाबळेश्वरसारख्या लहान व कऱ्हाडसारख्या मोठ्या तालुक्याच्या उत्तरांना त्यांच्या लोकसंख्येनुसार भार, म्हणजे कमी-अधिक वजन, द्यावा.

आता निवडीकडे वळावे, कारण वरचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा करून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन निवडून येतील असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारधारकांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि ज्यांनी उत्तर पाठवले नाही त्यांचे मत कळलेच नाही. बसस्थानकावर भेटतील त्यांना विचारणे किंवा व्हॉट्सॲप गटात प्रश्नावली टाकणे यात हाच दोष आहे, मग उत्तरे कितीही येवोत.

खटाव तालुक्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी यादृच्छिक निवडीवर भर दिला. पीक कापणी प्रयोगात आधी गाव, मग शेत आणि शेवटी शेतातील ठरावीक मापाचा तुकडा असा निवडत जातात. लोकांसाठीही हीच रीत वापरावी: गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, आणि मतदारयादीत पहिला क्रमांक चिठ्ठीने काढून पुढे ठरावीक अंतराने नावे घ्यावीत. एकाच वाडीतील शेजाऱ्यांची उत्तरे सारखी असतात, त्यामुळे १० गावांत प्रत्येकी ४० जणांपेक्षा ४० गावांत प्रत्येकी १० जणांना विचारणे अधिक भरवशाचे ठरते. घर बंद असल्यास शेजारचे घर न धरता पुन्हा जावे.

अहवालात माणसांची संख्या, निवडीची पद्धत, तारखा आणि उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण लिहावे. ४०० जणांत ५२ विरुद्ध ४८ टक्के असा कौल आला, तर कोणतीही बाजू पुढे असल्याचे जाहीर करू नये.