जुन्या कॅमेऱ्यावर रुंद चित्र: शूटिंग शिकायला लागलेल्यांसाठी

लग्नाच्या शूटिंगमध्ये मी शिरलो तो हॅलोजन धरायला. कॅमेरा हातात यायला दोन सीझन गेले. तो मिनी-डीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटचा, चौकोनी चित्राचा, आणि सोलापुरात घरोघरी तोवर रुंद टीव्ही भिंतीवर चढायला लागलेले. डीव्हीडी लावली की गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, "दोन्ही बाजूंना काळं का येतंय?" आता काकाच्या कपाटातला तसलाच कॅमेरा घेऊन शिकायला येणारी पोरं तेच विचारतात.

मेनूत १६:९, म्हणजे रुंद चित्र, दिसलं की लगेच दाबू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, झूम पूर्ण मागे घ्या आणि समोर दुकानांची रांग धरा. आता ४:३ वरून, म्हणजे चौकोनी चित्रावरून, १६:९ वर जा. कडेला एखादं जास्तीचं शटर दिसायला लागलं तर नशीबवान आहात, तुमच्या कॅमेऱ्याची चिप, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, खरोखर रुंद आहे. कडा जागच्या जागी राहून नुसत्या वरच्या पाट्या आणि खालचा रस्ता गेला, तर कॅमेरा फक्त कापतोय. स्क्रीनवर माणसं उभट दिसली तर त्यात बिघाड काही नाही. चित्र दाबून साठवलंय, रुंद टीव्हीवर ते सरळ होतं.

कापणं म्हणजे काय, तर आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र ७२० × ५७६ चं, म्हणजे ५७६ आडव्या ओळी आणि दर ओळीत ७२० ठिपके. चौकोनी चिपचा कॅमेरा त्यातल्या मधल्या ४३२ ओळीच घेतो आणि ताणून ५७६ करतो. दुधात पाणी घालून लिटर भरावा तसं. काही कॅमेरे ताणत नाहीत, वर-खाली काळे पट्टे कॅसेटवरच छापून टाकतात. ते तर नकोच, कारण पट्ट्याखाली गेलेलं चित्र नंतर परत मिळत नाही.

माझी चूकही सांगतो. एका लग्नात सकाळी १६:९ वर होतो. कॅसेट बदलताना बोट कुठे लागलं कोण जाणे, पुढचं सगळं ४:३. एडिटिंगला प्रोजेक्ट चौकोनी घेतला, क्लिपा तपासल्या नाहीत. अक्षता पडेपर्यंत नवरदेव काडीसारखा आणि पंगतीत बसला तो अंगापिंडाने भरलेला. घरचे हसले, पण पैसे द्यायला महिना लावला. तेव्हापासून दर कॅसेटच्या सुरुवातीला एखादं ताट किंवा घड्याळ पाच सेकंद घेतो. गोल वस्तू एडिटिंगच्या पडद्यावर गोल दिसली की पुढे जायचं.

आता मी सरळ ४:३ वर घेतो आणि नंतर कापतो. स्क्रीनवर खुणा करायच्या: वरून एक अष्टमांश, खालून एक अष्टमांश. अडीच इंची स्क्रीनची उंची साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडे पावणेपाच मिलिमीटरवर बारीक चिकटपट्टी. चेहरे, हात, मंगळसूत्र, सगळं त्या पट्ट्यांच्या आत. कापलं की ७६८ × ४३२ चं स्वच्छ रुंद चित्र मिळतं (ओळीतले ७२० ठिपके कॉम्प्युटरच्या चौकोनी ठिपक्यांत ७६८ होतात), आणि ताणायचं की नाही ते तुमच्या हातात राहतं. मोठं करण्याआधी डी-इंटरलेस जरूर करा, म्हणजे एकाआड एक ओळींत घेतलेलं चित्र एडिटिंगमध्ये एकसंध करा, नाहीतर हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. एडिटिंगसाठी फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्याची केबल लावायची जुनी जागा, असलेला जुना पीसी शोधा. तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते.

कापल्यावर चित्र जवळचं वाटतं आणि अरुंद खोलीत मागे सरकायला भिंत आड येते. अशा वेळी कॅमेऱ्यापुढे लावायची, सगळं ०.७ पट लहान करून जास्त भाग चौकटीत आणणारी ०.७ ची वाइड लेन्स कामाला येते. चित्र दाबणारी ॲनामॉर्फिक लेन्सही असते आणि तिच्यात एकही ओळ वाया जात नाही. पण ती महाग, जड आणि झूम वाढवला की फोकसला रडवणारी. शिकताना तिच्या नादी लागू नका. टॉवेलच्या कारखान्यात वाइड लावलीत तर दर दहा मिनिटांनी काच पुसा. यंत्रमागाजवळ कापसाचे तंतू उडत असतात, आणि काचेवरचा एक तंतू रुंद चित्रात सापासारखा आडवा पडतो. तिथल्या ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे चित्र लुकलुकणार नाही.

आणि आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात तेव्हा रुंद चौकटीचा जीव पुरत नाही. बाराबंदी या पांढऱ्या पोशाखातला काठी पेलणारा दिसावा तर वरचं टोक जातं, टोक धरावं तर माणूस जातो. पहिल्या वर्षी मी झूम मागे घेत घेत पार गर्दीतच हरवलो. दुसऱ्या वर्षी चौकोनी घेतलं आणि कापताना चौकट खालून वर नेली: आधी पेलणाऱ्याचे पाय, मग कमरेचा ताण, मग टोक. चित्र थोडं मऊ पडलं, चाललं. एक शॉट मात्र कापवेना. "हर्र बोला हर्र"चा गजर झाला, आणि अख्खी काठी बुंध्यापासून टोकापर्यंत चौकटीत होती. तो तसाच ठेवला. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळं आलं, कुणी काही विचारलं नाही.