वर्कहाऊसविरुद्धचा लोकांचा लढा अभ्यासायचाय? मग एकच गाव पकडा

इंग्लंडच्या वर्कहाऊसबद्दल, म्हणजे गरिबांना आत ठेवून मदतीच्या बदल्यात काम करून घेणाऱ्या घरांबद्दल, आपल्याकडे दोन ओळी वाचायला मिळतात, 1834 साली गरिबांसाठी नवा कायदा आला आणि लोकांनी विरोध केला, संपलं. परीक्षेला तेवढं पुरतं, पण प्रोजेक्ट करायचा असेल किंवा वर्गात शिकवायचं असेल तर नाही पुरत. मी ज्या क्रमाने शिकले तो सांगते.

आधी कायदा समजून घ्या, पण त्यात आठवडे घालवू नका. जुन्या पद्धतीत पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा गावाएवढा भाग, गरिबाला घरपोच मदत द्यायची, पैसे किंवा पाव. नव्या कायद्याने पॅरिश एकत्र करून युनियन केल्या, युनियनचा कारभार बघायला निवडून आलेले गार्डियन आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर लंडनच्या सॉमरसेट हाऊसमधले 3 कमिशनर. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये यायचं, आणि तिथलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायचं हे ठरवून केलेलं होतं. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा, पुढचा सगळा संताप इथूनच येतो. नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या, खायला पातळ पेज, काम काय तर खडी फोडा नाहीतर जुन्या डांबरी दोरखंडाचे धागे सुटे करा. लोक त्याला बॅस्टिल म्हणायचे, पॅरिसच्या त्या तुरुंगावरून.

आता गाव निवडा. माझं ऐकाल तर टॉडमॉर्डन घ्या, यॉर्कशर आणि लँकेशरच्या सीमेवरचं, कापडगिरण्यांचं. तिथला जॉन फील्डन गिरणीमालक आणि खासदारही, आणि विरोधात सगळ्यात पुढे तोच. गार्डियनांनी राजीनामे द्यावेत म्हणून त्याने जुलै 1838 मध्ये स्वतःच्याच गिरण्या बंद केल्या. नोव्हेंबरमध्ये नव्या कायद्याला साथ न दिल्याबद्दल झालेल्या दंडापोटी सामान जप्त करायला हॅलिफॅक्सहून दोन कॉन्स्टेबल शेजारच्या मँकिनहोल्सला आले तर घंटा वाजली, गिरण्यांतले कामगार धावत आले आणि दोघांना बेदम मारलं, मग काही दिवसांत गार्डियनांच्या घरांवर हल्ले. बहुतेक जण इथेच वाचायचं थांबतात आणि तीच चूक होते, कारण खरी गंमत पुढे आहे. दंगल शमली पण टॉडमॉर्डनने वर्कहाऊस काही बांधलं नाही, 1870 चं दशक संपत येईपर्यंत नाही! जवळपास 40 वर्षं. मला हे त्या मारामारीपेक्षा खूप मोठं वाटतं. म्हणून कुठलंही गाव घेतलं तरी दगड कोणी मारले एवढंच शोधू नका, गार्डियन म्हणून निवडून कोण आलं, गरिबांसाठीची पट्टी, म्हणजे कर, भरायला नकार कोणी दिला, घरपोच मदत चालू राहिली का, ते शोधा.

मग उत्तरेतच एवढा भडका का हा प्रश्न घ्या. कायदा बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर दक्षिणेतला शेतमजूर होता. गिरणीगावात मंदी आली की हजारो माणसं एकदम घरी बसतात, चार महिन्यांनी परत कामाला लागतात, त्यांना तेवढ्यापुरता आधार हवा असतो, एवढ्या सगळ्यांना कुठल्या वर्कहाऊसमध्ये कोंबणार? त्यात 1837 ला मंदी आली आणि कमिशनरांची माणसंही तेव्हाच उत्तरेत पोचली. रिचर्ड ओस्टलर आणि जोसेफ रेनर स्टीफन्स यांची नावं इथे भेटतील, दोघं कारखान्यातले कामाचे तास कमी करा म्हणून आधीपासून लढत होते. दक्षिण गप्प होती असं मात्र लिहू नका, 1835 मध्ये ॲमरशॅम आणि इप्सविचलाही दंगे झालेत.

कागद कुठे मिळतील? लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एमएच 12 नावाची मालिका आहे, युनियन आणि कमिशनर यांचा पत्रव्यवहार, काही युनियनचे कागद ऑनलाइन आहेत आणि त्यात खुद्द गरिबांनी लिहिलेली पत्रंही सापडतात. ती आधी वाचा, अधिकाऱ्यांचे रिपोर्ट नंतर. लीड्सहून निघणारा नॉर्दर्न स्टार हा पेपरही मोफत वाचता येतो, पण तो चळवळीचाच पेपर, तेव्हा सभेला किती गर्दी होती याचे त्यातले आकडे जपून वापरा.

अफवा आल्या तर फेकू नका. डेव्हनमध्ये मदतीच्या पावात विष आहे असं लोक म्हणत होते. विष नव्हतं, पण 1832 च्या कायद्याने बेवारस गरिबाचं प्रेत चिरफाडीसाठी द्यायला परवानगी मिळाली होती, मग लोकांनी विश्वास कोणावर ठेवायचा? आणि 1845 ला अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांतला मगज खात होती, हे तर चौकशीत सिद्ध झालं. 1847 मध्ये त्या 3 कमिशनरांचं कमिशनच गुंडाळावं लागलं.

मराठीत लिहिणार असाल तर शेवटी 1877 चा दुष्काळ जोडा, कारण धागा खरंच जुळतो. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली, हेतू तोच, मदत नकोशी वाटली पाहिजे. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सभेचे त्या वेळचे अर्ज मिळवा आणि टॉडमॉर्डनच्या टिपणांशेजारी ठेवून वाचा.